स्टीम बीच वापरताना सागाची सवय बाजूला ठेवा

टिंबर मार्केटमध्ये ‘स्टीम बीच’ मागितलं की फिकट गुलाबी, जवळपास बिनगाठीची, हाताला गुळगुळीत लागणारी फळी समोर येते. चांगल्या सागापेक्षा भाव कमी, वजन किंचित जास्त, रंग सगळीकडे सारखा. मिस्त्री रंधा मारून पाहतो, लांबलचक सालपट निघतं आणि सौदा ठरतो. मग पहिल्याच पावसाळ्यात ड्रॉवर अडकतात, टेबलाच्या फळीला बाक येतो, आणि ‘हे परदेशी लाकूड आपल्याकडे चालत नाही’ असं म्हटलं जातं. लाकडात खोट नसते. साग समजून काम केलेलं असतं, एवढंच.

बीच हे युरोपातलं पानझडी झाड, शास्त्रीय नाव फॅगस सिल्व्हॅटिका. जर्मनी, फ्रान्स, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, रोमेनिया या पट्ट्यात त्याची मोठी जंगलं आहेत आणि आपल्याकडे येणारा मालही मुख्यतः युरोपातूनच येतो. तिथे ते रोजच्या वापरातलं लाकूड आहे: सुताराचं बाकडं, रंध्याचा ठोकळा, लाकडी हातोडा, शाळेतली बाकं, खेळणी, स्वयंपाकघरातले चमचे. या यादीतलं सगळं घराच्या आत वापरायचं आहे, हे आधीच लक्षात घ्या.

‘स्टीम’ म्हणजे काय, आणि काय नाही

ताजं कापलेलं बीच पांढुरकं, फिकट पेंढ्याच्या रंगाचं असतं. झाड बरंच वयस्कर झालं की मधल्या गाभ्यात अनियमित लालसर डाग उतरतो. एकाच फळीत पांढरा आणि लाल असे दोन रंग गिऱ्हाइकाला नको असतात, म्हणून कापलेल्या फळ्या बंद खोलीत बराच वेळ वाफेवर ठेवतात. त्याने सगळं लाकूड एकसारखं गुलाबी-तपकिरी होतं, आतला ताण थोडा सैल होतो आणि आत असलेले किडे मरतात. त्यानंतर माल भट्टीत वाळवतात.

वाफेने लाकूड वाळवीपासून सुरक्षित होत नाही, पाण्याला टिकाऊ होत नाही, फुगणं-आकसणंही थांबत नाही. ‘स्टीम केलंय, आता काही होत नाही’ हे दुकानात हमखास ऐकायला मिळेल. त्यातलं खरं एवढंच की त्या दिवशी आत किडा नाही. उद्या तो बाहेरून आला तर त्याला अडवणारं लाकडात काही नाही.

लाल गाभ्याचे डाग हा रंगाचा दोष आहे, ताकदीचा नाही. गडद स्टेन मारायचा असेल किंवा भाग आत झाकला जाणार असेल तर असा माल स्वस्तात घ्यायला हरकत नाही. न वाफवलेलं पांढरं बीचही मिळतं. फिकट रंगाचं काम हवं असेल तर ते मागा, पण त्यात डाग जास्त दिसतात, म्हणून निवड करायला वेळ ठेवा.

सागाशी तुलना, आकड्यांत

वाळलेल्या बीचचं वजन घनमीटरला सरासरी ७१० किलो, सागाचं सुमारे ६५५. कडकपणा जांका मापाने (लाकडात पोलादी गोळी अर्धी रुतवायला लागणारा जोर) बीचचा साधारण ६,४०० न्यूटन, सागाचा ४,७०० च्या आसपास. म्हणजे बीच सागापेक्षा कडक आहे, त्यावर ओरखडा कमी उठतो, आणि स्क्रू घट्ट धरतं. टेबल, जिन्याच्या पायऱ्या, खुर्ची, वर्कबेंच यांना ते साजतं ते याचमुळे.

आता दुसरी बाजू. ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडं होईपर्यंत साग खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५.३ टक्के आकसतो, बीच जवळपास ११.६ टक्के. दुपटीहून जास्त. गाभ्याकडून सालीच्या दिशेने सागाचं आकसणं २.६ टक्के, बीचचं ५.७. लांबीत मात्र दोन्ही जवळजवळ हलत नाहीत. टिकाऊपणाच्या युरोपीय वर्गवारीत बीच पाचव्या, म्हणजे शेवटच्या वर्गात येतं: ओलावा मिळाला की कुजतं. साग पहिल्या वर्गाच्या आसपास. सागात तेल असतं, बीचमध्ये नसतं. म्हणून बीच डिंक आणि पॉलिश फार सहज घेतं, आणि पाणीही तितक्याच सहज पितं.

हाच गुण युरोपातल्या रेल्वेंनी उलटा वापरला. जर्मनी आणि फ्रान्समध्ये बीचचे स्लीपर क्रिओसोट (डांबरापासून काढलेलं, लाकूड कुजू न देणारं) तेल दाबाने मुरवून रुळांखाली घातले गेले. बीच औषध आरपार पितं, म्हणून ते जमलं. पण दाबाच्या टाकीशिवाय नुसतं ब्रशने औषध लावून तो परिणाम मिळत नाही. ‘वाळवीचं औषध मारून घेऊ’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

फळी किती हलेल, याचा हिशेब

हे गणित जमलं की निम्मं काम झालं. लाकडातला ओलावा एक टक्क्याने बदलला की बीचची फळी वर्तुळांच्या दिशेने रुंदीच्या ०.४१ टक्के हलते, म्हणजे फुगते किंवा आकसते, गाभ्याकडून सालीच्या दिशेने सुमारे ०.२० टक्के.

कोणती फळी कोणत्या दिशेची, हे टोकाकडून बघायचं. टोकावर दिसणाऱ्या वर्तुळांच्या रेघा फळीच्या सपाट अंगाला समांतर असतील तर ती सपाट कापाची, जास्त हलणारी. रेघा उभ्या असतील तर उभ्या कापाची, निम्मी हलणारी आणि सरळ राहणारी. उभ्या कापाच्या अंगावर चकाकणारे चट्टे दिसतात. बाजारातला बहुतेक माल सपाट कापाचा किंवा मधला असतो.

समजा तीन फूट, म्हणजे ९०० मिमी रुंदीचं जेवणाचं टेबल आहे. एक टक्का ओलाव्याला ९०० गुणिले ०.००४१, म्हणजे ३.७ मिमी. भट्टीतून आलेलं बीच ८ ते १० टक्क्यांवर असतं. मुंबईत किंवा कोकणात एसी नसलेल्या घरात जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड हळूहळू १५ टक्क्यांकडे सरकतं. पॉलिशमुळे वेग कमी होतो, तरी चार टक्क्यांचा फरक धरायलाच हवा. म्हणजे टेबल १५ मिमी रुंद होणार. सुताराच्या भाषेत पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). आता हे टेबल खालच्या फ्रेमला चारी बाजूंनी स्क्रूने आवळलेलं असेल, तर त्या पाच सुतांनी जायचं कुठे? फळी वर फुगते, किंवा उन्हाळ्यात परत आकसताना मधोमध चिरते.

ड्रॉवरला हेच लावा. १५० मिमी उंचीची ड्रॉवरची बाजू चार टक्क्यांत अडीच मिमी वाढते. म्हणून मे महिन्यात, पुण्यात किंवा नागपुरात बनवत असाल तर वर तीन मिमी फट सोडा. ऑगस्टमध्ये बनवत असाल तर एक मिमी पुरे, कारण लाकूड आधीच फुगलेलं आहे आणि पुढे आकसणारच आहे. ‘फट नेहमी एक सूत’ असा ठरलेला नियम सागावर खपतो, बीचवर नाही. महिना बघून फट सोडायची.

खरेदी करताना

आधी लाकूड बीचच आहे ना ते बघा. सपाट अंगावर दोन-चार मिमी लांबीचे बारीक तपकिरी ठिपके, पाऊस शिंपडल्यासारखे, सगळीकडे सारखे दिसले पाहिजेत. ही बीचची खूण आहे. रबरवूड रंगाने जवळचं असतं, पण त्यात हे ठिपके नसतात. त्याऐवजी सुईने ओढल्यासारख्या लांब बारीक रेघा दिसतात.

मग ओलावा. पिना असलेलं मॉइश्चर मीटर फळीच्या टोकाला लावू नका. टोक नेहमी कोरडं असतं. टोकापासून फूटभर आत, तीन-चार फळ्यांवर लावा, आणि शक्य असेल तर एक फळी कापून आतल्या ताज्या तोंडावरही लावा. ८ ते १२ टक्के ठीक. १४ च्या वर असेल तर तो माल गोदामात पावसाळा काढून आलेला आहे, लगेच रंधू नका. वर १० आणि आत १५ असा फरक असेल तर ते जास्त वाईट, कारण रंधा मारून वरचा थर काढला की फळी वाकणार.

मीटरवर भरवसा नसेल तर घरच्या तराजूवर करता येणारी एक चाचणी आहे. फळीच्या टोकापासून फूटभर सोडून दोन सेंमी जाडीचा काप घ्या, लगेच वजन करा. ओव्हनमध्ये १०३ अंशांवर ठेवा आणि दर दोन तासांनी वजन करत राहा. वजन कमी व्हायचं थांबलं की ते कोरडं वजन. ओलं वजन ८४ ग्रॅम आणि कोरडं ७५ असेल, तर फरक ९, त्याला ७५ ने भागलं की १२ टक्के. भागायचं कोरड्या वजनाने, ओल्याने नाही. ही चूक फार जण करतात.

भट्टी घाईने चालवली असेल तर लाकडात ताण अडकून राहतो. तो ओळखायला फळीचा आडवा काप घेऊन मधला भाग काढून टाका, म्हणजे चिमट्यासारखे दोन पाय उरतात. पाय सरळ राहिले तर माल चांगला. आत वळून एकमेकांना टेकले तर ही फळी उभी चिरताना करवतीचं पातं धरणार आणि दोन्ही पट्ट्या धनुष्य होणार. दुकानदार काप घेऊ देत नसेल तर एक फळी विकत घेऊन करा. चाळीस फळ्या परत करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

हिशेब घनफुटात होतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. सात फूट लांब, सहा इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे ०.४४ घनफूट. वाळलेलं बीच घनफुटाला साधारण २० किलो, म्हणजे ही फळी नऊ किलोच्या आसपास भरायला हवी. जाडी युरोपीय मापात येते: २६, ३२, ३८, ५० मिमी. तयार एक इंच जाडी हवी असेल तर २६ ची फळी पुरत नाही, कारण सरळ करताना तीन-चार मिमी सहज जातात. ३२ ची घ्या. छेद, टोकाच्या चिरा आणि डाग धरून कापणीत पंचवीस ते तीस टक्के वाया जातं, तेवढा माल जास्त धरा.

आणल्यावर लगेच कापू नका

फळ्या ज्या हवेत वापरायच्या त्याच हवेत दोन-तीन आठवडे ठेवा. जमिनीवर नाही. खाली ओंडके, मध्ये दर दीड-दोन फुटांवर एकाच जाडीच्या पट्ट्या, आणि प्रत्येक थरातल्या पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत. पट्ट्या मागेपुढे झाल्या तर फळी त्याच लाटेत वाळते. वर वजन ठेवा. टोकांना रंग किंवा मेण लावा, नाहीतर तिथून चिरा सुरू होतात. भिंतीला उभ्या टेकवलेल्या फळ्या आठवड्यात बाक धरतात. बीचमध्ये हे सागापेक्षा लवकर होतं.

कापणी दोन टप्प्यांत करा. पहिल्या दिवशी सगळे तुकडे पाच-सहा मिमी जास्तीचे कापून, दोन्ही बाजूंनी सारखं रंधून, परत पट्ट्या लावून ठेवा. तीन-चार दिवसांनी जे हलायचं ते हललेलं असतं. मग शेवटच्या मापाला आणा. एकाच बाजूने रंधून दुसरी तशीच सोडली तर बाक येणं ठरलेलं.

बोथट पात्याने बीच जळतं. चॉकलेटी डाग पडतात, आणि ते घासून लवकर जात नाहीत. टीसीटी (टंगस्टन कार्बाइडच्या दातांचं) पातं धारदार ठेवा, आणि मुख्य म्हणजे फळी ढकलताना मध्ये थांबू नका. राउटरचं तर थांबल्या जागी हमखास जळतं. शेवटचा अर्धा मिमी एका दमात काढायचा.

बीचचा भुसा हलक्यात घेऊ नका. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत टाकलं आहे. नाकाच्या आतल्या कर्करोगाशी बीच आणि ओक यांच्या धुळीचा संबंध विशेष ठळकपणे आढळला आहे. रुमाल बांधणं पुरेसं नाही. एन-९५ मास्क, आणि मशीनला धूळ ओढणारा पाइप.

जोड, डिंक, स्क्रू

डिंकाला बीचसारखं लाकूड नाही. फळ्या जोडून रुंद करताना रंधल्याच्या दिवशीच डिंक लावा. जुन्या, हाताळलेल्या कडा डिंक नीट घेत नाहीत. पाण्याला टिकणारा, डी-३ दर्जाचा पांढरा डिंक वापरा, शिकंजे फूटभर अंतरावर लावा आणि कडेने मण्यांसारखे बारीक थेंब येईपर्यंत आवळा. डिंक पूर्ण बाहेर पडेल इतकं आवळलं तर जोड उपाशी राहतो आणि वर्षभरात उघडतो. रुंद फळीऐवजी ७० ते १०० मिमीच्या पट्ट्या जोडल्या तर बाक कमी येतो.

लाकडी डॉवेल बाजारात मिळतात ते बहुतेक बीचचेच असतात. पावसाळ्यात उघडे पडलेले आठ मिमीचे डॉवेल आठच्या भोकात जात नाहीत, आणि मग मिस्त्री भोक साडेआठचं करतो. तिथेच जोड गेला. डॉवेल हवाबंद डब्यात ठेवा. फुगलेच असतील तर मंद ओव्हनमध्ये तासभर वाळवा आणि थंड झाल्याबरोबर वापरा. डिंकातलं पाणी पिऊन ते भोकात फुगतात आणि घट्ट बसतात. म्हणूनच ते कोरडे हवेत.

स्क्रूला आधी भोक हवंच. चार मिमीच्या स्क्रूला तीन मिमीचं भोक, आणि वरच्या तुकड्यात साडेचारचं मोकळं. स्क्रूला मेण किंवा साबण चोळा. भोकाशिवाय मारला तर फळीच्या कडेला चीर जाते, नाहीतर पितळी स्क्रूचं डोकं तुटतं. खिळा तर वाकतोच.

टेबलाची फळी फ्रेमला लावताना मधला एक स्क्रू घट्ट, बाकी सगळे लांबट भोकांत. भोक रुंदीच्या दिशेने पंधरा ते वीस मिमी लांब, खाली वॉशर. किंवा फ्रेमच्या आतल्या बाजूला खाच पाडून एल आकाराचे लाकडी तुकडे त्यात सरकते ठेवा. कपाटाच्या दारात अखंड बीचचं पॅनेल घालायचं असेल तर ते फ्रेमच्या खाचेत मोकळं ठेवा, डिंक अजिबात नाही. ३५० मिमी रुंद पॅनेल साडेपाच-सहा मिमी हलतं. उन्हाळ्यात बसवत असाल तर दोन्ही बाजूंना तीन-तीन मिमी जागा सोडा. आणि बसवण्याआधी पॅनेलला पॉलिश करा, नाहीतर पॅनेल आकसल्यावर कडेने बिनपॉलिशची पांढरी पट्टी उघडी पडते.

वाफेवर वाकवणं

बीचचा सगळ्यात मोठा गुण हा. फर्निचर बनवणारे मिखाएल थोनेट यांनी एकोणिसाव्या शतकात याच लाकडावर कारखाना उभा केला. आधी ते पातळ पट्ट्या डिंकाने चिकटवून वाकवत. दमट प्रदेशांत गेलेल्या मालाचे जोड सुटू लागले, म्हणून अखंड लाकूड वाकवण्याकडे ते वळले. मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) कोरिचानी गावी, बीचच्या जंगलाजवळ, त्यांनी कारखाना घातला, आणि १८५९ मध्ये १४ नंबरची खुर्ची आली: सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावत. मुंबई-पुण्याच्या जुन्या इराणी हॉटेलांत गोल पाठीच्या ज्या काळपट खुर्च्या दिसतात, त्या याच घराण्यातल्या. डिंकाने हार खाल्ली तिथे अखंड बीच टिकलं, ते आपल्या दमट हवेतही.

थोनेटची युक्ती पोलादी पट्टीत होती. वाफवलेलं लाकूड दाबलं तर बरंच दबतं, पण ताणलं तर एक-दोन टक्क्यांत तुटतं. म्हणून वाकवताना बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी लावायची आणि तिच्या दोन्ही टोकांना लाकूड घट्ट अडेल असे ठोकळे. मग बाहेरचं अंग ताणलं जात नाही, सगळं वळण आतल्या अंगाच्या दबण्यातून येतं.

लाकूड निवडताना रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हव्यात. कडेतून बाहेर पडणारी रेष म्हणजे तिथेच फाटणार. गाठ एकही नको. ओलावा २० ते २५ टक्के हवा. इथे बाजारातलं ८ टक्क्यांचं भट्टीतलं बीच आडवं येतं, ते नीट वाकत नाही. हवेवर वाळलेला माल मिळाला तर उत्तम, नाहीतर पट्ट्या कापून तीन-चार दिवस पाण्यात बुडवून ठेवा. जमतं, पण थोडे तुकडे वाया जातील हे धरून चाला.

वाफेची पेटी साध्या प्लायवूडची करा. पीव्हीसी पाइप १०० अंशांना मऊ पडून लोंबतो. पेटी एका बाजूला किंचित उतरती, खालच्या टोकाला पाणी निघायला भोक, आत लाकूड टेकायला आडव्या खुंट्या. पेटी हवाबंद कधीच करायची नाही. वाफेला सुटायला वाट हवी, नाहीतर उकळणारं भांडंच फुटेल. पेटीतली वाफ पूर्ण तापल्यावर वेळ मोजायला लागा: इंचभर जाडीला एक तास. अर्ध्या इंचाला अर्धा तास. जास्त वेळ ठेवलं तर आणखी चांगलं वाकेल, असं नाही. उलट आतल्या अंगाला सुरकुत्या पडतात.

साचा, शिकंजे, पट्टी सगळं आधी एकदा कोरड्या तुकड्यावर लावून पाहा, कारण लाकूड बाहेर काढल्यावर हातात तीसेक सेकंद असतात. जाड हातमोजे घाला. दोघे जण लागतात. मधोमध शिकंजा लावून दोन्ही टोकं सावकाश पण न थांबता वळवा. इंचभर जाडीची पट्टी नुसत्या हाताने फूटभर त्रिज्येपेक्षा लहान वळणात वळवायला जाल तर मोडेल. पोलादी पट्टी लावली तर तीन इंच त्रिज्येपर्यंत जाता येतं. साच्यावर निदान एक दिवस, मग त्याच आकारात बांधून आठवडाभर वाळू द्या. सोडल्यावर वळण थोडं उघडतंच, म्हणून साचा हव्या त्या आकारापेक्षा किंचित जास्त वळलेला करा.

फुटलं तर फूट कुठे आहे ते बघा. बाहेरून सालपट उचकटलं असेल तर रेषा तिरकी होती किंवा टोकाचे ठोकळे सैल होते. आतून सुरकुत्या असतील तर ठोकळे जास्त आवळलेले किंवा वाफ जास्त. काडीसारखं कडकन मोडलं तर लाकूड कोरडं होतं.

पॉलिश

१२०, १५०, १८० असे पेपर क्रमाने. स्टेन मारायचा असेल तर १८० वर थांबा, जास्त गुळगुळीत केलं तर रंग आत जात नाही. क्लिअर फिनिशला २२० पर्यंत जा. शेवटच्या पेपरआधी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. उभे राहिलेले तंतू घासून टाकले की पहिल्या हातानंतर खरखर येत नाही. बीच स्टेन बऱ्यापैकी सारखा घेतं, म्हणूनच युरोपात ते अक्रोडाच्या रंगात रंगवून सर्रास विकलं गेलं. तरी टोकाकडून ते फार पितं आणि काळं पडतं, म्हणून टोकांना आधी पातळ सीलर द्या. नमुना त्याच फळीच्या तुकड्यावर करून पाहा, दुकानातल्या कार्डावर विसंबू नका.

मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), दोन्ही पॉलिश चालतात. महत्त्वाचं हे की खालची बाजू आणि आतली बाजूही तितक्याच हातांनी पॉलिश झाली पाहिजे. वरून चार हात आणि खाली नुसतं लाकूड, अशी टेबलं पावसाळ्यात होडी होतात. जवसाचं तेल वापरलं तर फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

कुठे वापरू नये

दाराची चौकट, विशेषतः भिंतीत गाडलेली, बीचची करू नका. खालचं टोक फरशी धुतल्याचं पाणी पितं आणि तिथून कुजायला किंवा वाळवी लागायला लागते. आधीच आणलीच असेल तर खालची चार इंच ग्रॅनाइटवर घ्या आणि टोकाला इपॉक्सी मुरवा. बाल्कनीतला झोपाळा, गच्चीवरची बाकं, बाथरूमचं दार, पावसाकडे तोंड असलेलं मुख्य दार, यांना साग किंवा शिसव. तळमजल्यावर वाळवीचा इतिहास असलेल्या घरात भिंतीला टेकलेलं बीचचं फर्निचरही पायाखाली धातूचे बूट घालूनच ठेवा.

स्वयंपाकघरात

लाटणं, उलथनं, रवी, पोळपाट, भाजी चिरायची फळी यांना बीच फार चांगलं. वास नाही, चव उतरत नाही, छिद्रं बारीक असल्याने कणीक अडकत नाही, आणि सागाच्या तेलकट रंगाचा प्रश्न नाही. लाटण्याला उभ्या रेषांचा सरळ तुकडा घ्या. तिरक्या रेषेचं लाटणं पहिल्या पावसाळ्यात केळ्यासारखं होतं. पॉलिश किंवा वार्निश नको. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन कोमट करून लावा, रात्रभर मुरू द्या, सकाळी जास्तीचं पुसा. पहिल्या आठवड्यात तीनदा, मग महिन्यातून एकदा. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल लावलं तर पंधरा दिवसांत खवट वास येतो. धुतल्यावर पुसून उभं ठेवा, ओट्यावर ओल्यात आडवं नाही. आणि डिशवॉशरमध्ये तर कधीच नाही, एकाच धुण्यात पोळपाटाचे जोड उघडतात.